अविवाहित असल्याचा दाखला

साताऱ्याकडं काही गावांत घरटी एक फौजी असतो. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलंय. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या आसपास, तसं काही नाही. इथं पोरगा शिकला की पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा, नाहीतर पुण्यातली कंपनी. पोरगी शिकली की नर्सिंग, डी. फार्म., आणि तेही जमलं नाही की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. फौज २६ जानेवारीला टीव्हीवर पाहायची. त्यामुळे बारावी आर्ट्सनंतर ‘फौजेत जाऊ का’ असं मी घरात विचारलं तेव्हा कोणी रागावलं नाही, सगळे हसले. राग नंतर आला, मी खरंच विचारून राहिली आहे हे कळल्यावर.

हे डोक्यात आलं ते दादामुळे. तो पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे आमच्या फाट्यापासून रोडवर पोरं पळतात, गावोगावी हेच चित्र आहे. त्यातल्या एकाने दादाच्या फोनवर जाहिरात पाठवली आणि खाली लिहिलं, ‘तुझ्या बहिणीले दाखव.’ अग्निवीर, जनरल ड्यूटी, महिला सैन्य पोलीस. दहावीला एकूण ४५ टक्के, प्रत्येक विषयात ३३. उंची १६२ सेंटिमीटर. मी फॉर्म भरला त्या वर्षी वय साडेसतरा ते एकवीस. अविवाहित.

माझी उंची १६४. आमच्या घरात ही उंची तोवर फक्त तक्रारीचा विषय होती. ‘एवढ्या लंब्या पोरीले पोरगा कुठचा पाह्यचा?’ तिचा कुठं उपयोग होतो हे मला त्या जाहिरातीतून पहिल्यांदा कळलं.

मग वाचायला लागले. सैन्यात बाया अधिकारी म्हणून, डॉक्टर आणि नर्स म्हणून आधीपासून होत्या. जवान म्हणून मात्र त्यांना घ्यायचं २०१९ मध्ये ठरलं, तेही फक्त सैन्य पोलिसांत. बंगळुरूच्या केंद्रातून पहिली ८३ जणींची तुकडी मे २०२१ मध्ये बाहेर पडली. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, अग्निपथ योजना आली आणि ही भरतीसुद्धा चार वर्षांची झाली. लाल टोपीवाले म्हणतात ते हेच सैन्य पोलीस. छावणीतली शिस्त, ताफ्यांची वाहतूक, गुन्ह्यांची चौकशी आणि जिथं बायांशी संबंध येतो तिथली कामं. जागा देशभरात मिळून फार थोड्या. हे सगळं मी घरी सांगितलं नाही. घरात प्रश्न वेगळेच चालू होते.

सगळ्यात मोठा आवाज आत्याचा. आत्या यवतमाळला असते आणि तिच्या पिशवीत कायम एखादं स्थळ असतं. या वेळचा पोरगा बुटीबोरीच्या एमआयडीसीत होता, परमनंट. ती म्हणाली, “अव बाई, पोरीच्या जातीले बंदूक कायले पाह्यजे? तुह्या बरोबरीच्या पोरीयचे लेकरं अंगनवाडीत जाऊन रायले.” मामाचं म्हणणं मोजकं होतं, “चार वर्साची नोकरी म्हंजे नोकरी नाई, ठेका हाय.” शेजारच्या मोठ्याबाबांना वाटत होतं की सीमेवर नेऊन उभं करतील. एका चुलत वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, तिथं आंघोळीला वेगळी सोय असते का. खरं सांगायचं तर सगळ्यांत कामाचा प्रश्न तिचाच होता. बाकीचे माझ्या लग्नाबद्दल बोलत होते आणि त्याला फौजेचं नाव देत होते.

कारण नियम असा आहे की अग्निवीराला चारही वर्षं लग्न करता येत नाही. पोरांच्या बाबतीत हे कोणी वाचतसुद्धा नाही. पोरीच्या बाबतीत ही एक ओळ पूर्ण जाहिरातीपेक्षा जड होते. विसाव्या वर्षी गेली तर चोविसाव्या वर्षी परत येणार, तोवर बुटीबोरीवाला थांबणार आहे का? आत्याने हा हिशेब बोटांवर केला आणि बोटं आईच्या तोंडासमोर धरली.

मी दुसरा हिशेब केला, वहीत. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के, म्हणजे ९,०००, कापून ठेवतात, हातात २१,०००. पुढे पगार ३३,०००, मग ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००. चार वर्षांत कापलेले पैसे होतात ५ लाख २ हजार २००. सरकार तेवढेच घालतं. म्हणजे बाहेर पडताना १० लाख ४ हजार आणि वर व्याज. त्यावर आयकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. दर शंभरांतले जास्तीत जास्त २५ जण पुढे कायम होतात.

समोरच्या पानावर आमचं वावर. चार एकर कोरडवाहू. कापूस बरा आला तर एकरी पाच क्विंटल, नाहीतर बोंडअळी ठरवते. २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव होता ७,५२१. वीस क्विंटलचे दीड लाख धरा आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, डवरणी, निंदण आणि किलोमागे आठ-दहा रुपये वेचणी वजा करा. उरलेला आकडा मी वहीत लिहिला होता, बाबांनी पाहिला तर त्यांना वाईट वाटेल म्हणून नंतर खोडला. मामाच्या ‘ठेका’ शब्दाला मात्र त्या पानावर उत्तर होतं. बाबांचा ठेका दरवर्षी जूनमध्ये नव्याने सुरू होतो आणि त्यात कापून ठेवायला काही राहत नाही.

पैशाने मामा गप्प झाला, मी नाही झाले. कायम नोकरी कुठंच नसती तर गोष्ट सोपी होती. पण दादाची पोलीस भरती होती. मुलींना उंची १५५, धावणं ८०० मीटर आणि १०० मीटर, गोळाफेक, मग लेखी, आणि एकदा लागलं की अठ्ठावन्नपर्यंत घोर नाही. एसएससीची, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची, जीडी परीक्षाही होती, सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफसाठी. उंची १५७, धावणं १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. वर्दीच पाहिजे तर तिथंही आहे, बंदूकही आहे, आणि चार वर्षांनी कोणी घरी पाठवत नाही. मग फौजच का? हा प्रश्न मला दादाने विचारला आणि बरेच दिवस माझ्याकडे त्याचं नीट उत्तर नव्हतं. ‘देशसेवा’ म्हणायला मला लाज वाटायची. सीआरपीएफवाली काय मग देशसेवा करत नाही?

आमच्या गावात फौजेत राहून आलेला एकच माणूस आहे. महार रेजिमेंटमधून रिटायर झालेले काका, बौद्ध वस्तीत राहतात. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. काका तिथं भरती झाले आणि काश्मीरपासून नागालँडपर्यंत फिरले. गावातल्या कोणी त्यांना फौजेबद्दल काही विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे जाते म्हटल्यावर आत्याने तोंड वाकडं केलं, ‘तिकडं कायले जातं?’ त्या ‘तिकडं’चा अर्थ गावात सगळ्यांना कळतो. मी गेले.

काकांनी मला चढवलं नाही. खाटेवर बसून होते, पायाला लोकरी पट्टा. म्हणाले, “बेटा, मी इथं आरामात बसून तुह्याशी बोलून रायलो ना, थे पेन्शनवर. तुले थे नाई. पह्यले हे समजून घे.” मग म्हणाले, सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी आणि झोपेविना कोणी मरत नाही, पण घरची आठवण आली की पोरं कच्ची पडतात. उस्तादाने शिवी दिली तर ती तुला दिलेली नसते, ती रोज सगळ्यांना असते, मनाला लावायची नाही. ऑर्डर पटली नाही तरी आधी करायची, मग विचारायचं. “तुह्यात हे बसन का? तू तं आत्याशी भांडते म्हनतात.” बायांच्या तुकड्यांबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गावातल्या बाकी लोकांनाही माहीत नव्हतं, पण ते सांगत होते.

निघताना मी विचारलं, तुम्ही पुन्हा गेला असता का? ते म्हणाले, “पेन्शन असती तं गेलो असतो. नसती तं उमर पाहून ठरवलं असतं.”

उमर पाहून. घरी येऊन मी तिन्ही भरत्यांच्या वयाच्या अटी एकाखाली एक लिहिल्या. फौज तेव्हा एकवीसला बंद. एसएससी जीडी तेवीसला, वर सवलती वेगळ्या, आणि अग्निवीर राहून आलेल्यांना केंद्रीय दलांत काही जागा राखीव, वयातही सूट. पोलीस भरती खुल्या वर्गातही अठ्ठावीसपर्यंत. जी सगळ्यांत आधी बंद होते तिच्यात आधी प्रयत्न करायचा. ती नाही मिळाली किंवा चार वर्षांनी परत पाठवलं तरी बाकीच्या दोन उघड्या आहेत. हे उत्तर दादाला पटलं. मला अर्धं पटलं. उरलेलं अर्धं असं की मला लांब जायचं होतं. दारव्हा, यवतमाळ, फार तर नागपूर, त्यापलीकडे. पोलीस झाले असते तर पहिल्या सुट्टीतच आत्या पिशवी घेऊन हजर. चार वर्षं लग्न न करण्याचा सरकारी नियम घरात सगळ्यांना अडचण वाटत होता, मला तो चांगला वाटत होता. हे तेव्हा कोणाला बोलले नाही.

घरातली खरी बैठक दिवाळीनंतर झाली, कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडली होती तेव्हा. मामा फोनवर माहिती वाचून दाखवत होता, मोठ्याने, वकिलासारखा. ‘विमा ४८ लाख’ इथं आला आणि थांबला. कशाचा विमा ते कोणाला सांगावं लागलं नाही. आत्या म्हणाली, “पाहा, म्हंजे सरकारनंच लिवून ठेवलं.” बाबा खाली पाहत कापसातला कचरा निवडत होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती अशा बैठकीत बोलत नाही. ती म्हणाली, “इथं वावरात मानसं मरून रायले, तवा कोनी म्हनलं नाई का शेती नोको करू म्हनून.”

यवतमाळ जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याच गल्लीत दोन घरं आहेत. आत्या पाणी प्यायला उठली आणि मामाने पुढचं वाचलं नाही.

बाबांनी शेवटी एकच विचारलं आणि ते लग्नाचं नव्हतं, विम्याचंही नव्हतं. “जाशीन तं जाय. पन वापस आल्यावर तुहं इथं मन लागन का, थे सांग.” मी म्हटलं, लागेल. पटकन म्हटलं. बाबांनी मान हलवली, पण त्यांना ते खरं वाटलं नाही हे मला दिसलं, आणि आजही या एका हरकतीवर माझ्याकडे पाठ केलेलंच उत्तर आहे. चार वर्षं स्वतःच्या खात्यावर पगार घेतलेली, स्वतः रेल्वेने फिरलेली पोरगी परत येऊन निंदायला जाईल का? बहुतेक नाही. मग ती चोविसाव्या वर्षी कुठली असेल?

पळायचं बघू म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोडवर गेले. महिला सैन्य पोलिसांसाठी १.६ किलोमीटर साडेसात मिनिटांत आलं तर पहिला गट, आठ मिनिटांत दुसरा. शिवाय लांब उडी १० फूट आणि उंच उडी ३ फूट. दादाने गाडीच्या मीटरवर अंतर मोजून एका कडुनिंबाला चुना लावला. सुरुवातीला माझे साडेनऊ मिनिटांच्या वर जायचे. चुन्याच्या झाडापर्यंत श्वास पुरायचा, परतीला पोटात कळ यायची. पोलीस भरतीच्या पोरांनी शिकवलं की पहिल्या चारशे मीटरला जीव तोडायचा नाही, खांदे सैल ठेवायचे, रात्रीचं जेवण आठच्या आत. पोरं चांगली होती. रोडवर त्रास दिला तो दूध घालायला जाणाऱ्या बाप्यांनी. ‘कोनाच्या मागं पळून रायली व?’ एकदा दादा गाडीचा लाइट त्यांच्या तोंडावर मारून थांबला, तेव्हापासून बंद झालं. लांब उडीसाठी झेडपी शाळेच्या मागे खड्डा खणला आणि नाल्यातली वाळू आणून भरली. दहा फूट कागदावर थोडं वाटतं.

माझ्यासोबत पळायला मैत्रीणही आली होती, माझ्यापेक्षा वेगाने पळायची. तिच्या दंडावर यात्रेत काढलेलं गोंदण होतं, बदामात दोन अक्षरं. सैन्याचा नियम असा की कायमचं गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत किंवा पंजाच्या पाठीवरच चालतं. आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सवलत आहे. ती त्यात बसत नव्हती. पन्नास रुपयांचं गोंदण. तिला कळलं त्या दिवशीही ती शेवटपर्यंत पळाली, मग एसएससीच्या तयारीला लागली. माझं गोंदण मनगटाच्या आत आहे, तुळस. आजीने हट्टाने काढून घेतलेलं.

फॉर्मचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यात रडण्यासारखं खूप आहे आणि सांगण्यासारखं थोडं. फी २५० रुपये. दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नाव, बापाचं नाव, जन्मतारीख अक्षरन्‌अक्षर सारखी लागते. माझ्या आधारवर बाबांच्या नावात एक अक्षर जास्त होतं, ते काढायला वेचणीचे दिवस मोडले. ज्यांना भरायचा आहे त्यांनी जाहिरात यायच्या आधी हे पाहून घ्यावं. लेखी परीक्षा संगणकावर, ५० प्रश्न, १०० गुण, एक तास, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. २०२५ पासून ती मराठीतही देता येते. आधीच्या पोरींना हिंदी किंवा इंग्रजीच होतं, आणि आमच्याकडे आर्ट्सच्या पोरीला इंग्रजीतलं गणित म्हणजे दोन पेपर एकदम. माझा पेपर बरा गेला. निकालात नंबर आला.

मग भरती मेळाव्यासाठी कागद. आणि त्या यादीत एकवीसच्या आतल्यांसाठी सरपंचाच्या सहीचा, फोटो लावलेला, सहा महिन्यांच्या आतला अविवाहित असल्याचा दाखला.

आमच्या सरपंच काकू आहेत, पण ग्रामपंचायतीत खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. “अविवाहित? थे तं साऱ्या गावाले मालूम हाय. त्याले कागद कायले?” पोलीस पाटील बाजूला बसले होते, त्यांनी शंका काढली की आत्याने आणलेल्या स्थळाशी साक्षगंध ठरलंय असं कानावर आहे, मग सही चालेल का? यावर ग्रामपंचायतीत चर्चा सुरू झाली. साक्षगंध झालं म्हणजे लग्न झालं का? एक जण म्हणाला, अर्धं झालं. दुसरा म्हणाला, कायद्यात अर्धं काही नसतं. ग्रामसेवक संगणकावरून मान वर काढत नव्हते. मी उभीच होते. साक्षगंध ठरलेलं नव्हतं, हे मी दोनदा सांगितलं, पण माझ्या लग्नाबद्दल माझं म्हणणं तिथं पुरावा धरलं जात नव्हतं.

काकूंना बोलवा, असं मी म्हटलं. यजमान म्हणाले, ठेवून जा, सही करून ठेवतो. मी म्हटलं, सही त्यांची पाहिजे. थांबते.

काकू वावरातून आल्या. तुरीच्या शेंगा तोडून हात काळपट हिरवे झालेले. नळावर हात धुतले, पदराला पुसले, आणि दाखला पूर्ण वाचला, बोट ठेवून, ओळ न ओळ. त्यांना कागद पूर्ण वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला वाटतं यजमानही. मग विचारलं, “हा कितीक दिवस चालते?”

“सहा महिने.”

“मंग सहा महिने कोनाच्या म्हनन्यावर हो म्हनू नोको.” त्यांनी सही केली, शिक्का स्वतः मारला, फोटोवर अर्धा येईल असा. पोलीस पाटलांनी वर्तणुकीच्या दाखल्यावर काही न बोलता सही दिली. साक्षगंधाची बातमी कानावर कुठून आली होती ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं.

मेळावा पुढच्या महिन्यात आहे. साडेसात मिनिटांच्या आत मी येते, रोज नाही, पण येते. मेडिकलमध्ये काय निघतं ते निघेल. नाही झालं तर एसएससीचा फॉर्म भरून ठेवलाय, आणि मैत्रीण आता त्यात माझ्या पुढे आहे.

घरी मात्र भांडणं आत्ताच लागलीत. बाबा म्हणतात दहा लाखांत विहीर होते आणि वर मोटर. दादा म्हणतो ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट. मामा, तोच ठेकावाला, म्हणतो एफडी. आत्याने फोन करून आईला सांगितलं की चोविसाव्या वर्षी दहा लाख असलेल्या पोरीला कमी शिकलेला पोरगा पाहायचा नाही, तिच्या नजरेत एक आहे, तो थांबायला तयार आहे.